एलिनॉर ऑफ अक्विटेनचं पहिलं लग्न नेमकं कशावर मोडलं?

गोदाकाठ

नाशिकमधल्या आमच्या वाचक गटात पुढच्या महिन्यात एलिनॉर ऑफ अक्विटेनवर, म्हणजे आधी फ्रान्सची आणि मग इंग्लंडची राणी झालेल्या बाईवर, ४५ मिनिटं बोलायचं आहे. श्रोते बहुतेक निवृत्त, पेशवाई कोळून प्यालेले. पण फ्रान्स म्हटलं की थेट राज्यक्रांतीवर येणारे. बाराव्या शतकाची पाटी कोरी.

वाचायला जावं तिथे त्याच तीन गोष्टी मिळतात. पहिला नवरा राजा कमी आणि बैरागी जास्त, सख्ख्या काकाशी लफडं, आणि काडीमोड झाल्यावर आठ आठवड्यांत दहाएक वर्षांनी लहान सरदाराशी लग्न. मला अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. लग्न 'जवळचं नातं निघालं' म्हणून मोडलं असं सगळे एका ओळीत उरकतात. पावणेपंधरा वर्षं संसार, दोन मुली, आणि मग नातं 'निघालं'? कोणतं नातं, कितव्या पिढीतलं? ते फळ्यावर पाच मिनिटांत दाखवता येईल का? याला घटस्फोट म्हणायचं का? काकाचं प्रकरण सांगावं की गाळावं? आणि नाव एलिनॉर लिहू की आलिएनोर?

कागदकीडा

नाव एलिनॉरच ठेवा, मराठीत तेच रुळलंय. फ्रेंच उच्चार एकदा सांगा आणि सोडून द्या. आईचं नाव एनोर, म्हणून लेक 'आलिया एनोर', म्हणजे लॅटिनमध्ये 'दुसरी एनोर', ही व्युत्पत्ती सांगायला गोड आहे, त्यावर फार भार टाकू नका. खरा घोटाळा लुईंचा होतो. सासरा लुई सहावा, नवरा लुई सातवा, नातजावई लुई आठवा. फळ्यावर '६, ७, ८' एवढंच लिहा, नाहीतर विसाव्या मिनिटाला कोणीतरी हात वर करणारच.

'घटस्फोट' शब्द टाळा. त्या काळच्या चर्चच्या कायद्यात आपण म्हणतो तसा घटस्फोट नव्हताच. वाटा दोन. व्यभिचार सिद्ध झाला तर नवराबायकोचं अंथरूण आणि ताट वेगळं होई, पण लग्न कायम. जोडीदार जिवंत असेपर्यंत दोघांनाही दुसरं करता येत नसे. दुसरी वाट म्हणजे लग्न मुळात झालंच नव्हतं असं ठरवून घेणं. 'विवाह शून्य ठरवला' म्हणा, बरोबर बसतं.

हा फरक सुरुवातीलाच सांगा, कारण पुढचं अर्धं कोडं त्यानेच सुटतं. लुईला मुलगा हवा होता, म्हणजे दुसरं लग्न हवं होतं. बायकोला व्यभिचारिणी ठरवून तो स्वतःच अडकला असता. म्हणून २१ मार्च ११५२ रोजी बोझांसी इथे धर्मसभा बसली तेव्हा निकालाचं कारण काका नव्हता. सांसच्या आर्चबिशपच्या अध्यक्षतेखाली नातेवाइकांनी शपथेवर सांगितलं ते एवढंच की हे दोघं एका वंशाचे आहेत.

आता वंश. फळ्यावर सगळ्यात वर रॉबर्ट दुसरा, फ्रान्सचा राजा, मृत्यू १०३१. खाली त्याचे दोन मुलगे. डावीकडे हेन्री पहिला, मग फिलिप पहिला, लुई सहावा, लुई सातवा. चार. उजवीकडे बर्गंडीचा ड्यूक रॉबर्ट, मग त्याची मुलगी हिल्डेगार्ड, विल्यम नववा, विल्यम दहावा, एलिनॉर. पाच. चर्चची मोजणी अशी की मूळ पुरुष सोडायचा आणि खालचे जन्म मोजायचे. म्हणजे लुई चौथ्या पायरीवर, एलिनॉर पाचव्या. त्या वेळी निषिद्ध होत्या सात पायऱ्या. १२१५च्या लॅटरन परिषदेत त्या चारवर आणल्या.

नातं 'निघालं' वगैरे काही नाही. सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. लुई दुसऱ्या एका सरदाराच्या मुलांची लग्नं नातं जवळचं म्हणून अडवत होता, तेव्हा, म्हणजे शून्य ठरवण्याच्या आठ-नऊ वर्षं आधीच, क्लेर्व्होचा मठाधिपती बर्नार्ड याने पत्रात चिमटा काढला होता की राजा स्वतः नात्यातलीच बायको घेऊन बसलाय. त्र्यंबकला उपाध्यायांकडे नामावळीची वही असते ना, तशीच समजा. पिढ्यांची नावं सगळी आत आहेत, पण वही आपण काम पडलं तरच उघडायला लावतो. इथे ती ११५२ला उघडायला लावली.

पंचवटी_एक्स्प्रेस

चार अधिक पाच नऊ. सातच्या बाहेर. म्हणजे धर्मसभेत शपथेवर खोटं बोलले की राव!

कागदकीडा

ही मोजणीतली सगळ्यात नेहमीची चूक. बेरीज करायची ती रोमन पद्धत: एकाकडून वर चढायचं, दुसऱ्याकडे उतरायचं, सगळ्या पायऱ्या जोडायच्या. त्या हिशेबाने नऊ बरोबर आहे. पण अकराव्या शतकात चर्चने पद्धत बदलली. बेरीज बंद, एका बाजूने मूळ पुरुषापर्यंत जेवढ्या पायऱ्या तेवढाच आकडा. गंमत अशी की पद्धत बदलली पण मर्यादा सातचीच ठेवली. त्यामुळे जाळं एकदम दुपटीने रुंद झालं. सात पिढ्या मागचा एक समान पूर्वज कुठल्याही दोन राजघराण्यांत सापडतोच.

लुईचा पणजोबा हेन्री पहिला १०५१मध्ये थेट कीव्हहून बायको घेऊन आला, त्याचं एक कारण हेच सांगतात: जवळपास तोलामोलाची आणि नात्याबाहेरची मुलगी मिळणं मुश्कील. बाकीच्यांनी सरळ नात्यात लग्नं केली आणि वही मिटून ठेवली. संसार बरा चालला तर कोणी विचारत नव्हतं.

आणि हे नक्की सांगा, सभा हसेल. एलिनॉर नात्यातली म्हणून सोडल्यावर लुईने ११५४मध्ये कॅस्टीलच्या राजाची मुलगी कॉन्स्टन्स केली. तिचा वंश मोजा: रॉबर्ट दुसरा, बर्गंडीचा रॉबर्ट, त्याची मुलगी कॉन्स्टन्स, तिची मुलगी उर्राका, अल्फान्सो सातवा, मग ही कॉन्स्टन्स. पाच. लुई चार. एलिनॉरशी होतं तेच नातं, त्याच मूळ पुरुषाकडून, त्याच पायरीवर. कोणी हूं की चूं केलं नाही.

कलम_अकरा

गटाला बांधून ठेवायचं असेल तर एक खेळ करा. हेच वंशवृक्ष आपल्या १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने मोजा. सपिंड नात्याची मर्यादा वडिलांकडून पाच पिढ्या, आईकडून तीन. पण मोजायला सुरुवात स्वतःपासून. स्वतः म्हणजे पहिली पिढी. चर्चच्या मोजणीत एक मिळवला की आपला आकडा. इथेच लोक चुकतात.

लुई: स्वतः एक, लुई सहावा दोन, फिलिप तीन, हेन्री चार, रॉबर्ट दुसरा पाच. मर्यादेत. एलिनॉर: स्वतः एक, विल्यम दहावा दोन, विल्यम नववा तीन, हिल्डेगार्ड चार, बर्गंडीचा रॉबर्ट पाच, रॉबर्ट दुसरा सहा. मर्यादेबाहेर. समान पूर्वज दोघांच्याही मर्यादेत असावा लागतो. म्हणजे या नात्यापुरतं पाहिलं तर ते सपिंड नाहीत आणि लग्न टिकतं.

आता दुसरा नवरा, हेन्री, जो पुढे इंग्लंडचा राजा झाला. इथे समान पूर्वज पुरुष नाही, बाई आहे: आंजूची एर्मेनगार्ड. तिची लग्नं दोन. पहिल्या नवऱ्यापासून फुल्क चौथा. त्याचा फुल्क पाचवा, त्याचा जॉफ्री, त्याचा हेन्री. दुसरा नवरा म्हणजे वर आलेला बर्गंडीचा रॉबर्ट; त्याच्यापासून हिल्डेगार्ड, पुढे विल्यम नववा, विल्यम दहावा, एलिनॉर. दोन्हीकडे एर्मेनगार्ड पाचवी, आणि दोघांचीही पहिली पायरी वडिलांची, म्हणून पाचची मर्यादा लागू. आई एक आणि बाप वेगळे असलं तरी कायदा ते नातं धरतो. म्हणजे सपिंड. रूढीची सूट नसेल तर कलम ५ मोडतं आणि कलम ११ने लग्न शून्य.

थोडक्यात, जे टिकायला हवं ते मोडलं आणि जे मोडायला हवं ते झालं. चर्चच्या मोजणीनेही लुई–एलिनॉर चार-पाच, हेन्री–एलिनॉर चार-चार. दुसरा नवरा पहिल्यापेक्षा एक पायरी जवळचा!

एक सावधगिरी. कोणीतरी 'आमच्यात मामाची मुलगी चालते' म्हणणारच. रूढी असेल तर आपला कायदा ते मानतो. चर्चच्या हिशेबाने मामेबहीण दुसऱ्या पायरीवर, तिथे प्रश्नच नव्हता.

आनंदवल्ली

काकाचं प्रकरण गाळू नका, पण कोणी कधी लिहिलं त्या क्रमाने सांगा. घटना आधी, अफवा नंतर.

घटना अशी. दुसऱ्या क्रुसेडवर, म्हणजे पूर्वेकडच्या धर्मयुद्धावर, राजाराणी दोघंही ११४७च्या जूनमध्ये निघाले. जानेवारी ११४८मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या डोंगरात फौज चेचली गेली, उरलेले अंतालियाहून जहाजाने मार्चमध्ये अँटिओकला पोचले. तिथला अधिपती रेमों, एलिनॉरच्या वडिलांचा धाकटा भाऊ. त्याला फ्रेंच फौज घेऊन अलेप्पोवर जायचं होतं, कारण खरा धोका तिकडून होता. लुईला आधी जेरुसलेमची यात्रा पुरी करायची होती. एलिनॉरने काकाची बाजू घेतली. लुई म्हणाला चल, ती म्हणाली मी राहते, आणि वर म्हणाली की आपलं लग्नच नात्यातलं आहे. हे अधोरेखित करा: वही उघडा असं पहिल्यांदा मोठ्याने म्हणाली ती, तेही बोझांसीच्या चार वर्षं आधी. लुईने तिला रातोरात बळजबरीने बाहेर काढलं. पुढे लुई आणि इतर दमास्कसवर गेले, वेढा चार दिवसांत उठवावा लागला. रेमों पुढच्या वर्षी, जून ११४९मध्ये, लढाईत पडला. अलेप्पोबद्दल काका-पुतणीचं म्हणणं निदान चुकीचं नव्हतं.

आता अफवा. जॉन ऑफ सॉल्झबरी पोपच्या दरबारात होता. परतीच्या वाटेवर हे दोघं तिथे आले तेव्हाची माहिती त्याच्याकडे होती. तो लिहितो ते एवढंच की काकाचं तिच्याशी चाललेलं सततचं बोलणं राजाच्या मनात संशय भरायला पुरलं. स्पष्ट आरोप दिसतो तो काही दशकांनी विल्यम ऑफ टायर या इतिहासकाराकडे. तेराव्या शतकात तर तिचा प्रियकर काका राहिलाच नाही, साक्षात सलाहुद्दीन झाला! ११४८मध्ये सलाहुद्दीन दहा-अकरा वर्षांचा होता.

नाशिककरांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. ज्या बाईच्या नावाने आपल्याकडे आनंदवल्ली आहे, तिच्या नावावर 'ध चा मा' किती पक्का चिकटलाय बघा. एलिनॉरच्या बाबतीत तसाच दुसरा 'मा' म्हणजे हेन्रीच्या रोझामंड नावाच्या बाईला तिने विष पाजल्याची कथा. रोझामंड वारली ११७६च्या सुमारास. एलिनॉर तेव्हा हेन्रीच्याच कैदेत होती. ही कथा पुढच्या शतकांत रचलेली आहे.

'मी राजाशी नाही, भिक्षूशी लग्न केलं' हे वाक्यही तिच्या तोंडचं म्हणून जपून द्या. लिहून ठेवणारा ते चाळीसेक वर्षांनी लिहितोय. लुई मात्र चर्चसाठीच वाढवलेला, हे खरं. थोरला भाऊ फिलिप ११३१मध्ये पॅरिसच्या रस्त्यात घोड्याच्या पायात डुक्कर आल्याने पडून मेला, म्हणून धाकट्याला मठाच्या शाळेतून गादीवर यावं लागलं. इतिहास डुकराने फिरवल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

परतीचा प्रसंगही घ्या. ११४९, रोमजवळचं तुस्कुलम. पोप यूजीन तिसरा या दोघांची समजूत घालतो, नात्याचा विषय पुन्हा काढायचा नाही अशी ताकीद देतो, आणि दोघांना स्वतः सजवून घेतलेल्या एकाच पलंगावर निजायला लावतो. ११५०मध्ये मूल झालं. मुलगी, आलिक्स. मुलगा झाला असता तर बोझांसी बहुधा घडलंच नसतं.

जुना_सीबीएस

'आठ आठवडे' हा आकडा बरोबर आहे. २१ मार्च ते १८ मे, ५८ दिवस. लोक त्याला उतावीळपणा म्हणतात. मला तो हिशेब वाटतो, आणि भीतीही.

निकालाने काय झालं ते आधी बघा. दोन्ही मुली औरस ठरल्या, कारण आईबापांनी लग्न सद्भावनेने केलं होतं असं धरलं. मुली लुईकडे राहिल्या. अक्विटेन मात्र तिचं माहेरचं, ते तिच्याबरोबर परत गेलं. लुआर नदीपासून पिरेनीज डोंगरापर्यंतचा मुलूख. राजाच्या स्वतःच्या ताब्यातलं पॅरिसभोवतालचं क्षेत्र त्यापुढे चिमुकलं. म्हणजे त्या दिवशी सकाळी राणी होती ती संध्याकाळी फ्रान्समधली सगळ्यात श्रीमंत बिननवऱ्याची बाई झाली. अशा बाईला पळवून नेऊन जबरदस्तीने लग्न लावणं हा त्या काळात सरदारांचा सर्रास धंदा होता.

बोझांसीहून तिच्या प्वातिएला जायचं, साधारण नाशिक–मुंबई एवढं अंतर. पहिला मुक्काम ब्लवा. तिथला तरुण काउंट तिबो तिला अडकवू पाहतो, ती रात्रीच निसटते. पुढे क्रेझ नदीच्या उतारावर, पोर-द-पीलला, दुसरा दबा धरून बसलेला. तो कोण? हेन्रीचाच सोळा-सतरा वर्षांचा धाकटा भाऊ जॉफ्री. खबर लागली, तिने वाट बदलली. प्वातिएला पोचल्यावर तिने हेन्रीकडे माणूस पाठवला. आदल्या वर्षी, ऑगस्ट ११५१मध्ये, हेन्री बापाबरोबर पॅरिसला आला होता, ओळख तेव्हाची. आता तो १९ वर्षांचा, नॉर्मंडीचा ड्यूक, आंजूचा काउंट. लग्न साधेपणाने, गाजावाजा न करता.

लुईची चूक नेमकी कुठे झाली? दोघंही त्याचे मांडलिक. त्याच्या परवानगीशिवाय लग्न करणं हाच गुन्हा. पण शून्य ठरवताना तिच्या पुढच्या लग्नाबद्दल त्याने काही बांधून घेतलेलं दिसत नाही. परवानगी मागायला ती येईल हे गृहीत धरलं. शिवाय तिला मुलगा होत नाही असं समजून अक्विटेन शेवटी आपल्या मुलींकडेच येणार, असाही हिशेब असावा. १७ ऑगस्ट ११५३ला तिला हेन्रीपासून मुलगा झाला आणि तो हिशेब बुडाला. एकूण पाच मुलगे, तीन मुली. 'मुलगा होत नाही' म्हणून सोडलेली बायको!

आणि तो ब्लवाचा तिबो? पुढे त्याचं लग्न झालं आलिक्सशी. म्हणजे जिला पळवायला गेला तिचाच जावई. त्याचा भाऊ हेन्री एलिनॉरच्या थोरल्या मुलीचा, मारीचा, नवरा. कॉन्स्टन्स ११६०मध्ये बाळंतपणात वारल्यावर लुईने पाच आठवड्यांत या दोघा भावांची बहीण आदेल केली. मुलींची नणंद मुलींचीच सावत्र आई. याचा वंशवृक्ष फळ्यावर काढायला जाऊ नका, खडू पुरणार नाही.

पंचवटी_एक्स्प्रेस

नऊची बेरीज मागे घेतो. पण दोन्ही घराण्यांचं जुनं वैर कोणी सांगितलं नाही, म्हणून ही भर. लुईचा आजोबा फिलिप पहिला. त्याने १०९२मध्ये बायको टाकली आणि आंजूच्या फुल्क चौथ्याची बायको बर्त्राद आणून ठेवली. चर्चने त्याला बहिष्कृत केलं, तरी अनेक वर्षं सोडली नाही. ही बर्त्राद हेन्रीची पणजी. म्हणजे आजोबाने त्यांची बायको आणली, आणि साठ वर्षांनी त्यांच्या पणतूने नातवाची नेली. फिट्टंफाट.

द्राक्षबाग_दिंडोरी

नाशिकात बोलताय, म्हणजे वाइनवर प्रश्न येणारच. 'एलिनॉरने हुंड्यात बोर्दोची वाइन इंग्लंडला नेली' हे वाक्य वाइन चाखवणारे सर्रास टाकतात. अर्धं खरं. तिच्या लग्नामुळे बोर्दो इंग्लंडच्या राजाकडे गेलं ते १४५३पर्यंत, तीनशे वर्षं. पण तिच्या हयातीत जोर उत्तरेकडच्या ला रोशेल बंदराचा होता. १२२४मध्ये ला रोशेल फ्रेंचांनी जिंकलं, तेव्हा इंग्रज गिऱ्हाईक बोर्दोकडे वळलं. एलिनॉरला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

वाइनही आजच्यासारखी गडद नव्हती. फिकट लाल, कमी वेळ सालीवर ठेवलेली. बाटली-बुचाचा जमाना यायचा होता, वाइन लाकडी पिंपात राही आणि वर्षभरात आंबून उतरणीला लागे. म्हणून जहाजांचे तांडे दोनदा: शरद ऋतूत नवी वाइन घेऊन, आणि वसंतात गाळावरून काढलेली. मोठं पिंप साधारण ९०० लिटरचं, आणि जहाज किती पिंपं घेतं त्यावरून त्याचं माप ठरे. जहाजाचं 'टनेज' हा शब्द त्या पिंपातून आलाय.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सपिंडाचा खेळ घरी कागदावर करून पाहिला, बरोबर येतो. आता दोन शंका. ४५ मिनिटं कशी वाटू? आणि हेन्रीने तिला पंधरा-सोळा वर्षं कैदेत ठेवलं, मग त्याने हीच वही उघडून तिला का सोडलं नाही? नातं तर आणखी जवळचं होतं.

कागदकीडा

दुसरी शंका लाखाची. त्यावरच व्याख्यान संपवा.

११७३मध्ये तिच्या तीन मुलांनी बापाविरुद्ध बंड केलं, ती मुलांच्या बाजूने. पुरुषी वेशात पॅरिसच्या दिशेने जाताना पकडली गेली. पॅरिस म्हणजे पहिल्या नवऱ्याकडे, हे विसरू नका. ११७४च्या जुलैमध्ये तिला इंग्लंडला नेलं, आणि हेन्री ६ जुलै ११८९ला मरेपर्यंत सोडलं नाही. मधे ११७५मध्ये पोपचा दूत आला तेव्हा हेन्रीने लग्न शून्य ठरवता येईल का ते चाचपून पाहिलं. पण लग्न शून्य म्हणजे अक्विटेन परत तिचं, आणि ती मोकळी. लुईचं काय झालं ते हेन्रीइतकं कोणाला ठाऊक? तोच तर त्यातून मोठा झाला होता. मग दुसरा उपाय: तिने फाँतव्रोच्या मठात संन्यास घ्यावा. तिने नकार दिला. म्हणून कैद.

वेळेचं म्हणाल तर नावं आणि नकाशा पाच मिनिटांत उरका. मुलूख कुठून कुठे, एवढाच नकाशा. वडील वारले ९ एप्रिल ११३७, लग्न २५ जुलै, सासरा गेला १ ऑगस्ट. मुलगी पंधराच्या आतबाहेर, चार महिन्यांत पोरकी, नवरी आणि राणी. त्यालाही पाचच द्या. पंधरा मिनिटं वंशवृक्ष आणि सपिंड, तुमची खरी शिदोरी ती. दहा अँटिओक. उरलेली दहा ५८ दिवस आणि कैद. क्रुसेडच्या लढायांत शिरू नका, तिथे अर्धा तास कसा जातो कळत नाही. धाकट्या बहिणीचं, पेट्रोनिलाचं, लग्न मोहात पाडेल: तिच्यासाठी राजाच्या नात्यातल्या राउलने बायको टाकली, कारण दिलं तेच, नातं जवळचं, आणि त्यावरून शांपेनच्या काउंटशी युद्ध पेटून ११४३मध्ये व्हित्रीचं चर्च आत लपलेल्या शेकडो माणसांसकट जळलं. वेळ उरला तरच. 'प्वातिएला तिने प्रेमाचं न्यायालय भरवलं' वगैरे कोणी काढलं तर त्याला पुरावा नाही म्हणा आणि पुढे व्हा.

चित्रं दोनच दाखवा. एक लूव्र संग्रहालयातलं स्फटिकाचं पात्र. उंची सुमारे ३४ सेंटिमीटर, अंगावर मधाच्या पोळ्यासारख्या कोरीव खोबणी, वर-खाली नंतर चढवलेला मुलामा दिलेल्या चांदीचा साज. तिने लग्नात लुईला दिलं, लुईने मठाधिपती स्यूजेला, त्याने सँ-दनीच्या मठाला. कोणी कोणाला दिलं ते पात्राच्या बुडाशी लॅटिनमध्ये कोरलंय, आणि त्यात तिचं नाव 'आनोर' असं आहे. गटाला ते अक्षर अन् अक्षर वाचून दाखवा.

दुसरं फाँतव्रोमधलं तिच्या थडग्यावरचं शिल्प. १२०४मध्ये वारली तेव्हा वय ऐंशीच्या घरात. शेजारी हेन्री, डोळे मिटून आडवा, राजदंड घेऊन. तीही आडवीच, पण हातात उघडं पुस्तक धरलेली.